खिडकी बदलण्याआधी उन्हाचा हिशोब

पुण्यातल्या आमच्या घराची पश्चिमेकडची जुनी खिडकी बदलायची असे ठरले, तेव्हा दुकानदाराने दाखवलेला पहिलाच नमुना दुहेरी काचेचा होता. दोन काचांच्या मध्ये 12 मिलिमीटरची बंदिस्त हवा आणि किंमत साध्या खिडकीच्या बरीच वर. एवढे पैसे मोजले तर खोली थंड राहील, अशी कोणाचीही समजूत होईल. ती तपासायला मात्र कागद-पेन्सिल आणि दहा मिनिटे पुरतात.

खिडकी दीड मीटर रुंद आणि 1.2 मीटर उंच, म्हणजे 1.8 चौरस मीटरची धरू. एप्रिलच्या दुपारी बाहेर 38 आणि आत 30 अंश सेल्सिअस असेल, तर साध्या एकेरी काचेतून केवळ तापमानाच्या फरकामुळे आत येणारी उष्णता सुमारे 80 वॅट भरते. दुहेरी काच लावली की ती निम्म्यावर, 40 वॅटपर्यंत उतरते. आता ऊन मोजू. साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला 600 वॅटच्या आसपास ऊन पडते आणि साधी पारदर्शक काच त्यातले पाचातले चार भाग आत सोडते. म्हणजे त्याच खिडकीतून साडेआठशे वॅट आत शिरतात. जणू भर उन्हाळ्यात खोलीत छोटा हीटर लावून ठेवला आहे. दुहेरी साध्या काचेने यातही थोडी घट होते, पण मूळ दुखणे कायम राहते. लंडनच्या हिवाळ्यात आत 20 आणि बाहेर सरासरी पाच-सहा अंश हा फरक रात्रंदिवस टिकतो, म्हणून तिथे दुहेरी काचेचे पैसे वसूल होतात. आपल्याकडे, निदान दख्खनच्या पठारावर, खिडकीचा झगडा हवेच्या तापमानाशी कमी आणि थेट उन्हाशी जास्त आहे.

त्यामुळे पहिला प्रश्न काच कोणती हा नसून खिडकी कोणत्या दिशेला आहे हा असायला हवा. पुण्याचे अक्षांश साडेअठरा अंश असल्याने मेच्या मध्याच्या आसपास सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. अशा दिवसांत दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा अगदी पुरेसा होतो. पश्चिमेला तोच छज्जा निरुपयोगी ठरतो, कारण ऊन अंगावर येते तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 30 अंशांवर असतो आणि 60 सेंटिमीटरच्या छज्जाची सावली काचेवर 35 सेंटिमीटरच उतरते. पश्चिमेसाठी उभा अडसरच हवा: बाहेरून सोडलेला बांबूचा चिक, लाकडी झडपा किंवा एखादे झाड. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काच ओलांडून आल्यावरच त्याला भेटते; पडदा तापतो, आणि तापलेल्या पडद्याकडून निघणारी दीर्घ तरंगलांबीची उष्णता काच बाहेर जाऊ देत नाही. बाहेर काही टांगणे शक्य नसेल, तर ऊन अडवणाऱ्या लेपाची काच घ्यावी आणि दुकानदाराला तिचा सौर उष्णता गुणांक, म्हणजे पडलेल्या उन्हातला किती भाग उष्णता म्हणून आत येतो तो आकडा, विचारावा. साध्या काचेचा तो 0.8 च्या वर असतो, 0.35 ची काच मिळाली तर आत येणारी उष्णता निम्म्याहून खाली येते. मात्र अशी काच उजेडही कमी करते, म्हणून तिचा तुकडा घरी आणून त्यातून वर्तमानपत्र वाचून पाहावे.

तळमजल्यावर बैठ्या घराच्या खिडकीपुढे फरसबंद अंगण करायचे असेल, तर तेही याच हिशोबात धरावे लागते. पांढरी फरशी ऊन परतवून खोलीच्या छतापर्यंत पोचवते. काळा दगड ते दिवसभर साठवून संध्याकाळी, नेमक्या खिडक्या उघडायच्या वेळी, परत देतो. खिडकीलगतची तीन-चार फुटांची पट्टी मातीची ठेवून तिथे झाडे लावणे हा मला सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. उरलेल्या फरशीला घरापासून दूर, मीटरला एक सेंटिमीटर तरी ढाळ हवा, आणि ती जोत्याच्या पातळीपेक्षा निदान 15 सेंटिमीटर खाली हवी, नाहीतर आषाढात भिंतीला ओल आलीच म्हणून समजावे.

वाऱ्याचा विचार बहुतेक वेळा राहूनच जातो. घरांसाठीच्या ऊर्जा-नियमावलीत, म्हणजे 2018 च्या इको-निवास संहितेत, उष्ण-दमट हवामानासाठी खिडक्यांचे उघडणारे क्षेत्रफळ घराच्या जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावे असे सांगितले आहे. त्या हिशोबाने दहा बाय बारा फुटांच्या खोलीला 20 चौरस फूट. सहा बाय चार फुटांची सरकती खिडकी दिसायला 24 चौरस फुटांची असते, पण तिचे एक पाखे नेहमी दुसऱ्याच्या मागे लपत असल्याने हवेला मिळतात बाराच. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. जुन्या लाकडी खिडक्या काढून सरसकट सरकत्या बसवल्यावर घर कोंदट का झाले, याचे उत्तर बहुधा एवढ्यात मिळते.

राहता राहिला पाऊस. ताशी 54 किलोमीटरचा वारा काचेवर सुमारे 135 पास्कल दाब देतो आणि तेवढ्या दाबाने पाणी 14 मिलिमीटर वर चढते. झड सुरू झाली की सरकत्या खिडकीच्या रुळात साचलेले पाणी निचरा होण्याऐवजी आतल्या बाजूला उंच होत जाते, आणि रुळाची आतली कड तेवढी उंच नसेल तर ते गादीवर उतरते. वारा ताशी 80 किलोमीटर झाला तर हीच उंची 30 मिलिमीटर होते. म्हणून सागरकिनारी आणि उंच मजल्यांवर आतली कड किती उंच आहे, हे पट्टीने मोजूनच खिडकी निवडावी. रुळाला बाहेरच्या बाजूस निचऱ्याची भोके असतात; रंगकाम करताना ती बुजवली जातात आणि मग दोष खिडकीवर येतो.

चौकट आणि भिंत यांतील फट हाही नाजूक भाग आहे. यूपीव्हीसी, म्हणजे खिडक्यांच्या चौकटींचे कडक प्लास्टिक, तापल्यावर ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते, 1.8 मीटरची चौकट 30 अंशांच्या फरकाने जवळजवळ चार मिलिमीटर लांबते. ही फट सिमेंटने घट्ट भरली तर वर्षभरात तडा जातो, म्हणून तिथे लवचिक सिलिकॉन हवे. आमच्याकडे कारागिराने ट्यूब उघडताच खोलीभर व्हिनेगरचा वास सुटला. तो वास ॲसिटिक प्रकारच्या सिलिकॉनचा असतो. ते काचेला छान धरते, पण गिलाव्यातल्या चुन्याशी त्याचे जमत नाही. पहिल्याच पावसात एका कोपऱ्यातून ते सालीसारखे सुटून आले. गिलाव्याला ‘न्यूट्रल’ प्रकारचे लागते आणि त्याला हा आंबट वास नसतो.

दुसऱ्या खेपेला काम मेमध्येच उरकले आणि कारागिराला पैसे देण्याआधी बागेच्या नळीने खिडकीवर बाहेरून पाणी मारले. आधी खालच्या रुळावर, मग बाजूच्या सांध्यांवर, शेवटी वर, प्रत्येक जागी पाच-पाच मिनिटे. वरून सुरुवात केली असती तर पाणी नेमके कुठून शिरले ते कळले नसते. आतून कोरडा टिश्यू पेपर सांध्यावर फिरवत गेलो, तेव्हा डाव्या खालच्या कोपऱ्यात तो नखाएवढा भिजला.