क्रेमोनाला जाण्याआधी

इटलीतल्या क्रेमोना शहराच्या मध्यावर पियात्सा रोमा नावाची बाग आहे. तिथे व्हायोलिन घडवणारा थोर कारागीर अंतोनियो स्ट्रादिवारी याच्या नावाची समाधीशिळा दिसते. जगभरचे वादक इथे येतात, दोन मिनिटं थांबतात, फोटो काढतात. शिळेखाली मात्र कोणीही नाही. आज बाग आहे तिथे पूर्वी सान दोमेनिको हे मोठं चर्च होतं आणि स्ट्रादिवारीचं घर त्याच्याच समोर होतं. १७३७ मध्ये तो वारला तेव्हा त्याला याच चर्चमध्ये पुरलं. १८६९ मध्ये चर्च पाडलं गेलं, त्याच्या अस्थी इतरांच्या अस्थींत मिसळून गेल्या. राहतं घरही पुढे पाडलं गेलं. ज्या माणसाच्या नावावर आज सगळं शहर ओळखलं जातं, त्याच्या घराची आणि थडग्याची त्या शहराला एके काळी काहीच किंमत वाटली नव्हती.

क्रेमोनाच्या व्हायोलिन-कारागिरीबद्दल वाचायला गेलं की ‘पाचशे वर्षांची अखंड परंपरा’ असे शब्द हमखास भेटतात. ते खरे नाहीत. ही परंपरा मध्ये तुटली आणि काही माणसांनी ती जिद्दीने पुन्हा उभी केली. हे ठाऊक असलं की तिथल्या गल्ल्यांमधून फिरताना दिसणाऱ्या गोष्टींचा अर्थ बदलतो, म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवात फार मागून करावी लागते. पो नदीच्या काठी रोमनांनी इसवी सनापूर्वी २१८ मध्ये ही वसाहत वसवली. उत्तरेच्या गॉल टोळ्यांना अडवायला हे ठाणं हवं होतं, आणि त्याच वर्षी रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. पुढे रोमन यादवीत शहराने चुकीची बाजू धरली आणि इथल्या जमिनी काढून सैनिकांना वाटल्या गेल्या. तेवढ्याने भागेना म्हणून शेजारच्या मांतुआच्याही जमिनी गेल्या. कवी व्हर्जिल मांतुआकडचा, त्याने एका ओळीत मांतुआचं दुःख मांडलं आहे: बिचारी क्रेमोनाच्या फार जवळ होती. इसवी सन ६९ मध्ये गादीच्या भांडणात व्हेस्पाशियनच्या फौजेने शहर लुटलं आणि जाळलं. ६०३ मध्ये लोंबार्ड राजा अजिलुल्फने ते पुन्हा उद्ध्वस्त केलं. म्हणूनच आज डोळ्यांना दिसतं ते क्रेमोना रोमन नाही, मध्ययुगीन आहे.

हे मध्ययुगीन शहर व्यापाऱ्यांनी उभं केलं. नदीवरची मालवाहतूक आणि ‘फुस्तान्यो’ नावाचं जाड सुती कापड यांवर इथे पैसा आला. शहराचा पालक संत ओमोबोनो हासुद्धा राजा किंवा बिशप नव्हता, तो कापडाचा व्यापारी होता. ११९७ मध्ये तो वारला आणि दोनच वर्षांत पोपने त्याला संतपद दिलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे एका कारखान्यात ते परत येणार आहे.

पियात्सा देल कोमूने या चौकात उभं राहिलं की त्या पैशाचं काय झालं ते समोर दिसतं. कॅथीड्रलचा पाया ११०७ मध्ये घातला गेला, १११७ च्या भूकंपाने काम मोडलं, मग नव्याने सुरू झालं. बाजूला आठ कोनांचं बाप्तिस्मागृह, ते ११६७ चं. समोर नगरसभेचा वाडा, त्याचं काम १२०६ मध्ये सुरू झालं. त्याच्या शेजारी विटांच्या कमानींचा ‘लोज्जा देई मिलिती’, १२९२ चा, शहराच्या लष्करी मंडळाच्या बैठकीचा. देवळाची सत्ता आणि नागरिकांची सत्ता एकाच चौकात एकमेकींसमोर उभ्या आहेत. मला हा चौक इटलीतल्या अनेक मोठ्या चौकांपेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण तो कुणा एका सरदाराने स्वतःच्या हौसेसाठी बांधलेला नाही.

या सगळ्यांवर तोरात्सो हा घंटेचा मनोरा. सुमारे ११२ मीटर उंच, वर जायला ५०२ पायऱ्या. खालचा भक्कम चौकोनी भाग विटांचा आणि वरचा नाजूक अष्टकोनी मुकुट चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्यावरचं खगोलीय घड्याळ दिव्हित्सिओली बापलेकांनी सोळाव्या शतकाच्या शेवटी बसवलं. तबकडीचा व्यास आठ मीटरहून जास्त आहे, आणि वेळेबरोबर ती चंद्रसूर्याची राशींमधली जागाही दाखवते. पाय धडधाकट असतील तर पायऱ्या चढाच. वरून लोंबार्दीचं सपाट शेतशिवार आणि पो नदीची वळणं दिसतात, आणि इतक्या सपाट मुलखात इतका उंच मनोरा का बांधला असेल ते कुणी सांगावं लागत नाही.

याच शहरातून एकदा हत्तीची मिरवणूक निघाली होती. सम्राट फ्रेडरिक दुसरा याची आणि मिलानची लढाई झाली त्यात क्रेमोना सम्राटाच्या बाजूने होतं. १२३७ मध्ये कोर्तेनुओव्हाला मिलानचा पराभव झाला आणि त्यांचा ‘कारोच्चो’, म्हणजे निशाण मिरवणारा युद्धरथ, हाती लागला. इजिप्तच्या सुलतानाने भेट दिलेला हत्ती सम्राटाकडे होता. त्या हत्तीला जुंपून तो रथ क्रेमोनाच्या रस्त्यांवरून फिरवला. स्वतंत्र नगर म्हणून क्रेमोनाचा दिमाख तिथे शिगेला पोचला. पुढच्या शतकात विस्कोंती घराण्याने शहर घेतलं. १४४१ मध्ये ब्यांका मारिया विस्कोंतीचं फ्रांचेस्को स्फोर्त्साशी लग्न झालं तेव्हा क्रेमोना चक्क हुंड्यात गेलं. त्या लग्नाच्या मेजवानीत मध, बदाम आणि अंड्याचा पांढरा बलक यांची तोरात्सोच्या आकाराची मिठाई केली आणि तीच ‘तोर्रोने’, अशी इथली दंतकथा आहे. तोर्रोने मात्र दंतकथा नाही, जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते. पुढे व्हेनिस, स्पेन, ऑस्ट्रिया असे धनी बदलत गेले.

स्पेनच्या अमदानीत, सोळाव्या शतकाच्या मध्यावर, सान फाउस्तीनो वस्तीत भाड्याने घेतलेल्या घरात अंद्रेआ आमाती वाद्यं घडवत होता. तारांची वाद्यं गजाने वाजवणं त्याआधीही होतं. आमातीने व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांना जो आकार आणि जी प्रमाणं दिली, ती आजतागायत जवळजवळ तशीच राहिली. त्याची कीर्ती फ्रान्सच्या दरबारापर्यंत गेली. राजा नववा शार्ल याच्यासाठी त्याने एक मोठा संच घडवला, पाठीवर राजचिन्हं रंगवलेला. त्यातली बरीचशी वाद्यं पुढे नाहीशी झाली. १५६६ चं एक व्हायोलिन आज क्रेमोनाच्या संग्रहालयात आहे, साडेचारशे वर्षांचं आणि अजून वाजणारं.

आमातीची पद्धत समजून घेतली तर संग्रहालयातल्या काचेमागच्या वस्तू बोलायला लागतात. आधी लाकडी साचा. त्याच्याभोवती मेपलच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम करून वाकवायच्या, म्हणजे बाजूच्या भिंती तयार होतात. पाठ मेपलची, पोट स्प्रूसचं. दोन्ही पाट पटाशीने, मग छोट्या रंध्याने कोरत काही मिलिमीटरच्या जाडीवर आणायचे. जोडायला सरसाचा लेप, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या कारागिराला वाद्य उघडून दुरुस्त करता येतं. पोटावर तारांना आधार देणारी घोडी, आणि आत घोडीच्या एका पायाजवळ एक साधी उभी काठी. ही काठी थोडी सरकली तरी आवाज बदलतो. इटालियन कारागीर तिला ‘आनिमा’ म्हणतात, म्हणजे आत्मा. सगळे मिळून सत्तरहून जास्त तुकडे, शेवटी रोगण.

सतराव्या शतकात क्रेमोनाच्या मालाला केवढी किंमत होती, त्याचा एक सुंदर पुरावा आहे. १६३७-३८ च्या सुमारास गॅलिलिओला पुतण्यासाठी चांगलं व्हायोलिन हवं होतं. व्हेनिसमधल्या मित्राने थेट संगीतकार क्लाउदियो मोंतेव्हेर्दीचा सल्ला घेतला. मोंतेव्हेर्दीचा जन्म क्रेमोनाचाच. उत्तर आलं की शेजारच्या ब्रेशा शहराचं व्हायोलिन चार दुकातींच्या (तेव्हाची नाणी) आत मिळेल, क्रेमोनाचं बारा दुकातींना पडेल, पण दोन्हींची तुलनाच नाही.

त्याच्या थोडं आधी, १६३० मध्ये, प्लेगची साथ आली होती, आणि या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मला तिथे दिसतं. त्या साथीत अंद्रेआचा मुलगा जिरोलामो गेला. ब्रेशातला मोठा कारागीर माज्जीनीही त्याच सुमारास गेला आणि तिथला धंदा बसला. आमाती घराण्याची विद्या जिरोलामोचा मुलगा निकोलो याच्या एकट्याच्या हातात उरली. तेव्हा तो तिशीत होता, अविवाहित होता आणि मागणी तर येतच होती. त्याने जे केलं ते घराण्यात आधी कुणी केलं नव्हतं. घराबाहेरची मुलं शिकायला घेतली. १६४१ मध्ये त्याच्या घरात अंद्रेआ ग्वार्नेरी हा शिकाऊ पोरगा राहत होता, त्याच्यापासून ग्वार्नेरी घराणं सुरू झालं. १६६६ च्या एका व्हायोलिनमधल्या चिठ्ठीवर स्ट्रादिवारीने स्वतःला निकोलोचा शिष्य म्हटलं आहे. साथ आली नसती तर ही विद्या कदाचित एकाच घराच्या भिंतींत राहून संपली असती.

स्ट्रादिवारी लग्नानंतर, १६६७ ते १६८०, आजच्या कोर्सो गारिबाल्दीवरच्या घरात राहिला. ते घर उभं आहे, तिथे जरूर जा. त्यानंतरची सत्तावन्न वर्षं सान दोमेनिकोसमोरच्या घरात गेली. नव्वदी उलटल्यावरही हातात पटाशी होती. त्याने सुमारे अकराशे वाद्यं घडवली असावीत, त्यातली साधारण साडेसहाशे आज आहेत असा अंदाज आहे. १७०० ते १७२५ हा त्याचा सुवर्णकाळ मानतात. त्याच काळात काही घरं पलीकडे अंद्रेआ ग्वार्नेरीचा नातू जुझेप्पे ग्वार्नेरी, ‘देल जेझू’, काम करत होता. त्याची कोरणी ओबडधोबड दिसते आणि आवाज मात्र दणदणीत. पागानीनीचं लाडकं व्हायोलिन त्याचंच, १७४३ चं.

आणि मग दहा वर्षांत सगळं संपलं. १७३७ मध्ये स्ट्रादिवारी. १७४० मध्ये आमातींचा शेवटचा कारागीर. १७४२ आणि १७४३ मध्ये स्ट्रादिवारीची मुलं, ओमोबोनो आणि फ्रांचेस्को. ओमोबोनो हे नाव त्या व्यापारी संताचंच. १७४४ मध्ये देल जेझू, १७४७ मध्ये कार्लो बेर्गोन्त्सी. निकोलोने दारं उघडली होती, स्ट्रादिवारीने काम मुख्यतः मुलांपुरतं ठेवलं, आणि मुलांच्या मागे पटाशी उचलणारं त्या घरात कोणी नव्हतं. याचा दोष मी त्याला देत नाही, धंद्यातली ती सर्वसाधारण रीत होती. परिणाम मात्र व्हायचा तो झाला. फ्रान्स आणि जर्मनीतली स्वस्त वाद्यं बाजारात आली होती. स्तोरिओनी, चेरूती अशा काहींनी एकोणिसाव्या शतकातही काम चालू ठेवलं, पण जुनी धार गेली होती.

स्ट्रादिवारीचा धाकटा मुलगा पाओलो कापडाचा व्यापार करायचा. १७७५-७६ मध्ये उरलेली वाद्यं, साचे, कागदी नमुने आणि हत्यारं त्याने काउंट कोत्सिओ दी सालाबुए या संग्राहकाला विकली. विकताना अट घातली की त्यातलं काही क्रेमोनात राहता कामा नये. त्यामागे गावाशी काय बिनसलं होतं, कोण जाणे. मला या सगळ्या इतिहासात हे वाक्य सर्वांत जास्त टोचतं. पुढच्या शतकात वाद्यंही पॅरिस-लंडनच्या व्यापाऱ्यांकडे गेली, आणि १८६९ मध्ये सान दोमेनिको पडलं तेव्हा वाचवण्यासारखं काही आहे असं फारसं कुणाला वाटलं नाही.

पाओलोने विकलेले ते साचे, नमुने आणि हत्यारं परत आणली जुझेप्पे फिओरीनी या व्हायोलिन-कारागिराने. १९२० मध्ये त्याने स्वतःचे पैसे घालून कोत्सिओचा संग्रह विकत घेतला आणि १९३० मध्ये क्रेमोनाला देऊन टाकला. इथे एक शाळा निघावी ही त्याची इच्छा होती. १९३४ मध्ये तो वारला, शाळा १९३८ मध्ये निघाली. त्याआधी १९३७ मध्ये स्ट्रादिवारीच्या द्विशताब्दीचं मोठं प्रदर्शन झालं होतं. तो फॅसिस्ट राजवटीचा काळ होता आणि क्रेमोनाचा पक्षनेता फारिनाच्ची याला या सोहळ्यातून स्वतःच्या सत्तेची शोभा करायची होती, हे विसरू नये. शाळेने मात्र त्या राजवटीच्या पुढे आयुष्य काढलं. युद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये नावाजलेला, मूळचा रोमचा कारागीर सिमोने साक्कोनी क्रेमोनाला येत राहिला. स्ट्रादिवारीचे साचे आणि नमुने वाचून त्याने मूळ पद्धत इथल्या तरुणांना समजावली. १९६१ मध्ये स्ट्रादिवारीचं १७१५ चं एक व्हायोलिन क्रेमोनासाठी विकत घेतलं गेलं. एके काळी ते नामवंत व्हायोलिनवादक योआखिमच्या हातात होतं, आता त्याचं नाव ‘इल क्रेमोनेझे’.

आज शहरात शंभराहून जास्त कार्यशाळा आहेत. इथल्या भाषेत ‘बोत्तेगा’. शाळेत जगभरची मुलं येतात, त्यामुळे कित्येक दारांवर कोरियन, जपानी, फ्रेंच नावं दिसतात. मला ही निकोलो आमातीच्या निर्णयाचीच पुढची पायरी वाटते. २०१२ मध्ये युनेस्कोने या कारागिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, २०१३ मध्ये व्हायोलिनचं संग्रहालय उघडलं.

स्ट्रादिवारीच्या वाद्यांच्या आवाजामागच्या ‘रहस्या’वर फार वेळ घालवू नका, असं मी सांगेन. थंड हवेत सावकाश वाढलेलं दाट लाकूड, लाकडावर केलेली प्रक्रिया, रोगण अशी अनेक अनुमानं आहेत. डोळ्यांवर काळे चष्मे लावून घेतलेल्या चाचण्यांत नामांकित वादकांना जुनी आणि नवी वाद्यं ओळखता आली नाहीत, आणि बहुतेकांनी नवी पसंत केली. यामुळे स्ट्रादिवारी लहान होत नाही. आज शिकणाऱ्याला मात्र यातून बळ मिळतं.

आमातीने ठरवलेला हा आकार आपल्याकडेही आला. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं गेलं. गजाननबुवा जोशी आणि व्ही. जी. जोग यांनी त्यावर रागसंगीत वाजवलं. मांडी घालून, वाद्याचा डोक्याकडचा वळसा पायाशी टेकवून, मींड काढत. वाद्यात काही बदलावं लागलं नाही, स्वरजुळणी आणि बैठक तेवढी बदलली.

संग्रहालयातली जुनी वाद्यं बंद ठेवत नाहीत, ठरावीक वेळी काचेबाहेर काढून वाजवतात. तिकीट काढण्याआधी त्या दिवसाची वेळ बघून घ्या. २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत यातल्या काही वाद्यांचा प्रत्येक स्वर ध्वनिमुद्रित करून जपण्याचं काम झालं. माइक इतके संवेदनशील होते की बाहेरच्या फरशीवरून गेलेली गाडी आणि उंच टाचांची टकटक आत ऐकू यायची. नगराध्यक्षांनी लोकांना आवाज कमी ठेवायची विनंती केली, आसपासचे रस्ते वाहनांना बंद झाले, सभागृहातले गुणगुणणारे दिवे काढले गेले. आणि साधारण पाच आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, क्रेमोनाचा तो भाग शांत राहिला.