जाणकाराची पारख

ऑनलाइन प्रश्नोत्तर समूहात उत्तरे देणाऱ्यांपैकी तो विषय खरोखर कोणाला येतो, हे ओळखण्याची रीत. संगणकशास्त्रात हा तज्ज्ञशोधाचा प्रश्न मानला जातो. मराठी समूहांत ‘जाणकारांनी प्रकाश टाकावा’ एवढी एक ओळ लिहिली की उत्तरे दहा जणांची येतात, आणि विचारणाऱ्याला विषय येत नसल्यामुळेच त्यांतला जाणकार निवडणे त्याला सर्वांत अवघड जाते.

गुण मोजणे हा सर्वांत रुळलेला मार्ग. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर उत्तराला मिळालेल्या प्रत्येक पसंतीचे १० गुण मिळतात, विचारणाऱ्याने उत्तर स्वीकारले तर १५, आणि नापसंतीचे २ गुण कापले जातात. पण सोपा प्रश्न पुष्कळ लोक वाचतात, अवघड प्रश्न मोजके. त्यामुळे गुणांची मोठी बेरीज पुष्कळदा चिकाटी आणि चपळाई दाखवते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २०१४ साली याच संकेतस्थळावरच्या लोकांचे दोन थवे केले : भराभर आणि सोपी उत्तरे देणाऱ्या ‘चिमण्या’, आणि थोडीच पण अवघड प्रश्नांची चांगली उत्तरे देणारी ‘घुबडे’. (घुबड आपल्याकडे अशुभ, पाश्चात्त्यांकडे ते शहाणपणाचे चिन्ह आहे.)

त्याआधी २००७ मध्ये झांग, अ‍ॅकरमन आणि अ‍ॅडमिक यांनी जावा ही संगणकभाषा शिकणाऱ्यांच्या एका समूहावर पेजरँकसारख्या (दुव्यांवरून वेबपानांचे महत्त्व ठरवणाऱ्या गूगलच्या पद्धतीसारख्या) पद्धती लावून पाहिल्या आणि सोबत एक साधे गणितही मांडले : उत्तरांतून प्रश्न वजा करायचे आणि दोन्हींच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागायचे. ४० उत्तरे व २४ प्रश्न असणाऱ्याला यात २ मिळतात. नऊच उत्तरे देऊन एकही प्रश्न न विचारणाऱ्याला ३. हे साधे गणित गुंतागुंतीच्या पद्धतींच्या तोडीस तोड ठरले. तरी त्यात एक अन्याय आहे. चांगला प्रश्न विचारायलाही विषय यावा लागतो, आणि हे गणित प्रश्न विचारणाऱ्याला खालीच ढकलते.

पुण्यापुरते बोलायचे तर मोडी लिपीइतके बोलके उदाहरण नाही. पेशवे दप्तर इथल्या पुरालेखागारात आहे, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ इथे आहे, आणि पेठांतल्या वाड्यांच्या ट्रंकांतून अजून कागद निघतात. समजा, कोणी अशा कागदाचा फोटो टाकून ‘काय लिहिलंय?’ असे विचारले. पाच मिनिटांत उत्तर येते : ‘पेशवेकालीन सनद आहे, जपून ठेवा.’ त्यावर पसंतीची रीघ लागते. पण पसंती देणाऱ्यांपैकी बहुतेकांना मोडीचे एक अक्षरही लागत नाही, मग त्या पसंतीतून उत्तराचा फक्त आवेश मोजला जातो.

जाणकार उशिरा येतो आणि आधी मागतो : पूर्ण पानाचा सरळ फोटो, मागची बाजू, शिक्का असल्यास तो जवळून. मग तो तारखेकडे जातो. ‘छ’ म्हणजे चंद्र, पुढे मुसलमानी महिन्याची तारीख. वर्ष ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे एकाच सनातला ऑगस्टचा कागद १७६० चा ठरतो आणि जानेवारीचा १७६१ चा, पानिपताच्या महिन्यातला. इथे घाई करणारा हमखास एका वर्षाने चुकतो.

पुढची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे एखादे नाव दोन तऱ्हांनी लागू शकते. जाणकार दोन्ही वाचने देतो, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे ठेवतो, आणि ‘इथपर्यंत वाचलं, पुढचा अंदाज आहे’ असे स्वच्छ सांगतो. दुसऱ्याने चूक दाखवली की वाचन दुरुस्त करतो. आधीच कोणी नीट उत्तर दिले असेल तर तो सहसा लिहीतही नाही. त्यामुळे मोजणीत तो कमी दिसतो.

नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरे टाकण्यास मनाई केली. उत्तरे दिसायला नीटनेटकी होती, बरोबर असण्याचे प्रमाण कमी होते. तेव्हापासून सफाईदार भाषा ही जाणकारीची खूण उरलेली नाही. मोडीच्या कागदाचेही घोटीव लिप्यंतर कोणालाही मिनिटभरात टाकता येते. अशा वेळी ‘हा शब्द कितव्या ओळीत आहे?’ एवढे विचारावे. ज्याने कागद वाचला आहे तो ओळ सांगतो, शब्दाभोवती लाल गोल काढून फोटो परत टाकतो, आणि शेजारचे अक्षर अजून लागत नाही हेही कळवतो.