सुटू नये आणि सुटावाही: रायफलच्या मॅगझिनचा खटका

ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू झाली, की पिंपळगाव बसवंतच्या आसपासच्या द्राक्षबागांतून दिवसभर कात्र्यांची कटकट ऐकू येते. त्या कात्रीच्या मुठीपाशी एक लहानसा खटका असतो. तो सैल झाला, तर कात्री खिशातल्या खिशात उघडते. अंगठ्याच्या वाटेत आला, तर काम चालू असताना पाती मध्येच मिटतात. आणि फार घट्ट असला, तर कंटाळलेले मजूर तो सरळ उपटून टाकतात. प्रत्येक गोळीमागे बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) हाताने मागे-पुढे करून चालवायच्या रायफलीत मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, धरून ठेवणाऱ्या खटक्यापुढेही हाच पेच असतो, फक्त तेथे दर गोळीला बसणाऱ्या हादऱ्याची भर पडते.

हा हादरा केवढा असतो, याचा ढोबळ हिशेब करता येतो. आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलची गोळी सुमारे ११.३ ग्रॅम वजनाची असून ती सेकंदाला साधारण ७४४ मीटर वेगाने बाहेर पडते. गोळी पुढे जाताना ४ किलोची रायफल मागे ढकलली जाते आणि गोळी नळीत असते तेवढ्या सुमारे दीड मिलिसेकंदात, दारूच्या वायूचा वाटा धरून, तिला सेकंदाला २.३ मीटरच्या आसपास वेग येतो. म्हणजे सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या दीडशे पट झाले. एका काडतुसाचे वजन सुमारे २५ ग्रॅम. मॅगझिनमध्ये उरलेली ९ काडतुसे जागच्या जागी राहू पाहतात आणि मॅगझिनची पुढची भिंत त्यांच्यावर येऊन आदळते, तेव्हा तिच्यावर क्षणभर ३० ते ३५ किलोंचा भार येतो. पत्र्याच्या एवढ्याशा डबीला हा दणका पुष्कळच म्हणायचा.

तोच दणका खटक्यालाही बसतो. खटक्याचा हलणारा भाग १० ग्रॅमचा धरला, तर त्याच्या स्वतःच्या जडत्वामुळे त्याच्यावर दीड किलोंचा जोर येतो, आणि रायफल मागे जात असल्याने तो जोर पुढच्या दिशेने असतो. म्हणून जो खटका बोटाने पुढे ढकलून उघडायचा आहे, तो गोळी सुटताना आपण होऊन उघडण्याच्या दिशेनेच ओढला जातो. त्यावर ताठ स्प्रिंग हा एक उपाय झाला. पण स्प्रिंग ताठ केली, की थंडीने बधिर झालेल्या बोटांना खटका दाबवत नाही. खटक्याचे पाते हलके ठेवणे किंवा तो ज्या खिळीभोवती फिरतो तिच्या दोन्ही बाजूंना वजन सारखे विभागणे हा त्याहून शहाणपणाचा मार्ग, कारण तसे केले की हादरा एका बाजूला जेवढे फिरवू पाहतो तेवढेच दुसऱ्या बाजूला फिरवतो.

खटक्याच्या दाताचा आकार घराच्या दाराला लावलेल्या लॅचसारखा असतो: आत शिरताना सरकता यावे म्हणून एका बाजूला उतार, आणि धरून ठेवण्यासाठी दुसरी बाजू सपाट. या सपाट बाजूची एक बारकाईची गोष्ट सांगायला हवी. ती झिजून किंचित उतरती झाली, तर मॅगझिनचे वजनच दाताला बाहेर ढकलू लागते. पोलादावर पोलाद घासताना घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर साधारण साडेआठ अंशांपर्यंतचा उतार घर्षणाच्या जोरावर तग धरतो. त्यापलीकडे सगळी भिस्त स्प्रिंगवर राहते. शिवाय मॅगझिन किती उंचीवर थांबावे, हेही हाच दात ठरवतो. ते मिलिमीटरभर खाली राहिले, तरी बोल्ट वरच्या काडतुसाच्या काठावरून नुसता सरकून पुढे जाण्याचा संभव असतो. रायफल गोळी भरत नाही अशी तक्रार आली, की दोष पुष्कळदा मॅगझिनच्या स्प्रिंगला दिला जातो, आणि कारण मात्र झिजलेल्या खटक्यात असते.

नाशिकच्या महाविद्यालयात एनसीसीत असताना कवायतीची जुनी थ्री-नॉट-थ्री मी अनेकदा खोलली आणि जोडली आहे. तिचा खटका चापाभोवतीच्या कडीच्या आत, पुढच्या टोकाला असतो आणि तो वरच्या दिशेने दाबावा लागतो. बोटाचे टोक लाल होई, तरी मॅगझिन हलत नसे. ज्या स्प्रिंगच्या एका पायावर चापाची यंत्रणा टेकते, तिच्याच दुसऱ्या पायावर हा खटका टेकतो. एका सुट्या भागाची बचत करणारी ही युक्ती मला आजही आवडते. मॅगझिन काढण्यासाठी बोट चापाशेजारी न्यावे लागणे मात्र आजच्या दृष्टीने आक्षेपार्ह आहे.

त्या काळी ते का खपले, याचे उत्तर रायफल भरण्याच्या रीतीत सापडते. जेम्स पॅरिस ली यांनी सुटे होणारे मॅगझिन १८७९ मध्ये पेटंट केले. पण १८८८ च्या ली-मेटफर्डवर ब्रिटिश लष्कराने ते मॅगझिन हरवू नये म्हणून चक्क साखळीच्या कडीने रायफलला बांधले! पुढे १० गोळ्यांचे मॅगझिन बोल्ट उघडून वरून, ५-५ काडतुसांच्या क्लिपने भरले जाऊ लागले. ते खाली उतरवायचे ते साफसफाईपुरतेच, त्यामुळे खटका घट्ट आणि अडचणीच्या जागी असणे हाच त्याचा गुण ठरला. जर्मनीच्या १८९८ च्या माउझरने तर मॅगझिन रायफलच्या पोटातच ठेवले. त्याच्या तळाची पट्टी काढायची झाल्यास चापापुढच्या भोकात काडतुसाचे टोक खुपसून आतला खटका दाबावा लागतो.

मॅगझिन बदलून रायफल भरण्याची रीत रुळली, तेव्हा खटका बोटाला सहज सापडावा लागला. आता अनेक रायफलींवर तो मॅगझिन आणि चापाची कडी यांच्यामध्ये रुंद पात्यासारखा लोंबतो. शिकाऱ्याच्या रायफलीत तो झुडपाला किंवा पट्ट्याला लागून दाबला गेला, तर मॅगझिन नकळत रानात पडते. फिनलंडच्या साको कंपनीने ‘८५’ या रायफलीत यावर काढलेला तोडगा मला सर्वांत चतुर वाटतो: मॅगझिन आधी किंचित वर दाबायचे आणि मगच खटका दाबायचा. मुलांना उघडता येऊ नये म्हणून औषधाच्या बाटलीचे झाकण दाबून फिरवावे लागते, तसेच हे. दोन हालचाली एकाच वेळी चुकून घडणे अवघड असते.

आमचे उस्ताद मॅगझिन बसवल्यावर ‘टक्’ आवाज ऐकूनही समाधान मानत नसत. प्रत्येकाला ते मुठीत धरून खाली ओढायला लावत, आणि ज्याचे हातात आले त्याला मैदानाची एक फेरी मारावी लागे. खाचेत मातीचा कण असला, की दात पूर्ण आत न शिरता नुसता कडेवर टेकतो आणि आवाज मात्र तोच करतो.