वॉरगेमिंग : छोट्या सैनिकांचा युद्धखेळ

इतिहासातली लढाई टेबलावर छोटे सैनिक मांडून, ठरलेल्या नियमांनी पुन्हा लढण्याचा छंद. दोन्ही बाजू आळीपाळीने सैन्य हलवतात. कूच टेपने मोजतात, मारा लागला की चुकला हे फाशांवर ठरते. नियमांचे मूळ प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात आहे. राइसविट्स पितापुत्रांचा युद्धखेळ 1824 मध्ये तिथल्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. घरगुती खेळाला वळण दिले इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी, 1913 मध्ये. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाचे तुकडे उडवून शिपाई पाडत.

कोल्हापुरात या खेळाची निम्मी तयारी दिवाळीत होतेच. दगडमातीचा किल्ला, उतारावर पेरलेले अळीव, रंगवलेले मातीचे मावळे. मात्र दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती बुरुजापेक्षा मोठी चालते. वॉरगेमिंगला सगळे एका मापाचे लागते. 1:72 मापाचा प्लॅस्टिकचा शिपाई जेमतेम अडीच सेंटिमीटर उंच असतो.

मांडण्यासारखी पहिली लढाई अर्थातच पावनखिंडीची. जुलै 1660, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, भर पावसातली रात्र. निघालेल्या दोन पालख्यांपैकी महाराजांची कोणती, हे झाकल्या चिठ्ठीवर ठेवावे. शिवा काशीद यांचे बलिदान त्याशिवाय खेळात उतरत नाही. खिंड लढवणारे मावळे परंपरेने 300 मानले जातात. दहा माणसांमागे एक शिपाई धरला तर बाजीप्रभूंकडे 30 शिपाई येतात. समोर सिद्दी मसूदचे सैन्य कितीही मांडले तरी खिंडीच्या तोंडाशी एका वेळी चार-पाचच शिपाई भिडतील एवढी वाट अरुंद ठेवावी. जय-पराजय मेलेल्यांच्या संख्येवर ठरवला तर ही लढाई कळलीच नाही असे म्हणावे लागेल. विशाळगडावरून तोफांचा इशारा होईपर्यंत किती डाव खिंड टिकली, एवढेच मोजायचे. विशाळगडाच्या पायथ्यालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा होता. तो फोडण्याचा सामना दुसऱ्या टेबलावर त्याच वेळी चालवावा, म्हणजे तोफ कधी होणार हे खिंडीतल्या खेळाडूलाही माहीत नसते.

नवख्यांनी सुरुवात 28 डिसेंबर 1659 च्या कोल्हापूरच्या लढाईने करावी. समोर आदिलशाही सरदार रुस्तुमेजमान आणि अफझलखानाचा मुलगा फाजलखान. लढाई उघड्या मैदानातली, घोडदळाची; त्यामुळे डोंगर उभे करावे लागत नाहीत, हिरवे कापड पुरते.