ध्रुव किती, हे ठरते कोणत्या तराजूवर?

‘जग बहुध्रुवीय होत आहे’ हे वाक्य आता जवळजवळ प्रत्येक शिखर परिषदेच्या निवेदनात सापडते. ध्रुव म्हणजे ताकदीचे मोठे केंद्र असलेला देश; ते नेमके किती, हे मात्र त्यात लिहिलेले नसते. खरे तर हा मोजण्याचा प्रश्न आहे आणि त्यासाठी शाळेतले गणित पुरते.

हिशेबात घेतलेल्या देशांची मिळून ताकद १ धरा आणि प्रत्येकाचा वाटा काढा. प्रत्येक वाट्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा आणि १ ला त्या बेरजेने भागा. दोघांकडे निम्मी-निम्मी ताकद असेल तर ०.२५ अधिक ०.२५ म्हणजे ०.५, आणि उत्तर येते २. चौघांकडे पाव-पाव असेल तर उत्तर ४. बाजारातली मक्तेदारी आणि संसदेतल्या पक्षांची खरी संख्या याच सूत्राने मोजतात. लहान वाट्याचा वर्ग आणखी लहान होतो, त्यामुळे नावापुरते असलेले खेळाडू आपोआप गळतात.

आता त्यात खरे आकडे घालू. २०२४ मध्ये सर्वाधिक लष्करी खर्च करणारे पाच देश असे: अमेरिका ९९७ अब्ज डॉलर, चीन सुमारे ३१४, रशिया सुमारे १४९, जर्मनी ८८.५ आणि भारत ८६.१. या पाचांचीच बेरीज १ धरली तर सूत्राचे उत्तर येते २.४. त्याच वर्षीच्या पाच सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्था घेतल्या तर सुमारे २.९. अण्वस्त्रांचा हिशेब केला तर नऊ देश आहेत, पण जगातल्या सुमारे १२,२४० अस्त्रांपैकी १०,६०० हून अधिक फक्त रशिया आणि अमेरिकेकडे आहेत. तिथे उत्तर २.६. म्हणजे ज्याला सर्रास ‘बहुध्रुवीय’ म्हटले जाते ते जग, मोठ्या देशांपुरते पाहिले तर, यांपैकी कोणत्याही तराजूवर तीनच्या पुढे जात नाही.

हे सूत्रही डोळे झाकून वापरण्यासारखे नाही. ६० आणि ४० टक्के अशी दोघांत विभागणी असेल तर उत्तर येते १.९२. एकाकडे ७० टक्के आणि बाकी तिघांकडे १०-१० टक्के असतील तरीही उत्तर १.९२ च येते. पहिले जग शीतयुद्धासारखे, दुसरे एका दादाचे. आकडा एकच, राजकारण अगदी निराळे. म्हणून नुसती ध्रुवसंख्या सांगून भागत नाही, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतरही सांगावे लागते.

ताकद कशात मोजायची, ही त्याहून मोठी पंचाईत. राज्यशास्त्रात फार वापरला जाणारा एक निर्देशांक सहा गोष्टी घेतो: एकूण लोकसंख्या, शहरी लोकसंख्या, लोखंड-पोलादाचे उत्पादन, ऊर्जेचा वापर, सैनिकांची संख्या आणि लष्करी खर्च. सहाही घटकांना वजन सारखेच. या निर्देशांकात १९८० च्या दशकात सोव्हिएत संघ अमेरिकेच्या पुढे होता, आणि १९९१ मध्ये तो देशच उरला नाही. चूक बेरजेत नव्हती. पोलादाचा टन आणि सैनिकांची डोकी मोजली गेली, पण ते पोलाद कशासाठी वापरले, संगणक किती बनले, दुकानात माल होता का, हे त्यात आलेच नाही.

दोन ध्रुव बरे की अनेक? १९६४ मध्ये कार्ल डॉइच आणि डेव्हिड सिंगर या राज्यशास्त्रज्ञांनी अनेकांच्या बाजूने एक साधा युक्तिवाद मांडला. देश दोन असतील तर जोडी एकच, आणि दोघांचे सगळे लक्ष एकमेकांवर. पाच असतील तर जोड्या १०, सहा असतील तर १५. लक्ष विभागले जाते, एखाद्याच्या प्रत्येक हालचालीवर उसळून उठणे परवडत नाही. केनेथ वॉल्ट्झ या दुसऱ्या राज्यशास्त्रज्ञाचे म्हणणे नेमके उलट. दोनच असले की कोण शत्रू याबद्दल गोंधळ नसतो, आणि जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही.

इतिहास दोघांनाही थोडी-थोडी साथ देतो. १९१४ मध्ये युरोपात अनेक ध्रुव होते, आणि मित्रांच्या साखळीने ते एकमेकांना ओढत गेले. २८ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले, १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध, आणि ४ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध. एका आठवड्यात एक स्थानिक भांडण खंडभर पसरले. १९३० च्या दशकात त्याच खंडाने उलटी चूक केली. हिटलरला कोणीतरी दुसऱ्याने आवरावे म्हणून प्रत्येक जण मागे राहिला. दोन ध्रुवांच्या जगाने ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जवळजवळ अणुयुद्धच ओढवून घेतले होते, पण त्यावर उतारा लगेच सापडला, कारण बोलायचे दोघांनीच होते. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्कतार सुरू झाली. तो लाल टेलिफोन नव्हता, टेलिप्रिंटर होता: घाईत तोंडून निसटलेल्या शब्दापेक्षा लिहिलेला शब्द बरा.

खरी अडचण शस्त्रनियंत्रणात येते, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. दोघांत बरोबरी ठरवणे सोपे. २०१० च्या अमेरिका-रशिया करारात प्रत्येकी १,५५० तैनात अण्वस्त्रे आणि ७०० तैनात क्षेपणास्त्रे व बॉम्बर विमाने अशी मर्यादा होती, आणि वर्षाला एकमेकांच्या तळांच्या १८ पाहण्या करण्याची मुभा. आता तिसरा देश आणा. प्रत्येकाला भीती की उरलेले दोघे एक होतील, म्हणून प्रत्येकाला उरलेल्या दोघांच्या बेरजेइतकी अस्त्रे हवीत. तिघांची एकूण संख्या ‘स’ धरा. प्रत्येकाकडे बाकीच्यांच्या बेरजेइतके हवे, तर तिन्ही अटींची बेरीज करून मिळते: स = २स. हे समीकरण फक्त स शून्य असतानाच खरे ठरते. शून्याखेरीज कोणत्याही आकड्यावर तिघांनाही सुरक्षित वाटू शकत नाही, मग कोणीही दुष्ट असण्याची गरज नाही. चीनचा साठा आता ६०० च्या आसपास गेला आहे, तेव्हा हे कागदी गणित राहिलेले नाही. त्या करारातल्या पाहण्या मार्च २०२० पासून कोविडमुळे थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत, २०२३ मध्ये रशियाने सहभाग स्थगित केला, आणि कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

मधल्या देशांना मात्र जास्त ध्रुव म्हणजे जास्त दारे. याचा उत्तम पुरावा पालघर जिल्ह्यात उभा आहे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी कंपनीने बांधल्या आणि १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्यांना समृद्ध युरेनियम लागते, आणि ते ३० वर्षे पुरवण्याचा शब्द अमेरिकेने १९६३ च्या करारात दिला होता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठीच्या १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर तो पुरवठा बंद पडला. १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य केले, १९९५ मध्ये चीनने दिले, २००१ मध्ये रशियाने. एकाच ध्रुवावर विसंबलेल्या भट्ट्या चार देशांच्या इंधनावर चालल्या. फ्रान्सची वाट उघडली ती शीतयुद्धाच्या ऐन मध्यात, यावरून दिसते की दोन ध्रुवांच्या जगातही फटी होत्या.

पण दारे वाढली म्हणून कुलुपे आपोआप तयार होत नाहीत, आणि मला काळजी वाटते ती याच भागाची. नऊ अण्वस्त्रधारी देशांच्या जोड्या होतात ३६. त्यांतल्या बहुतेकांत एकमेकांना आगाऊ सूचना देण्याची काही पक्की व्यवस्था नाही. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या प्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या लढाईनंतर दिली, २६/११ च्या हल्ल्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनीही दिली. भारत आणि चीन यांच्यात अशी यादी देण्याचा करार अजून झालेला नाही.