डोळा लागत नाही आणि पाठ टेकवत नाही

"रात्रभर झोप नाही हो, काहीतरी गोळी सांगा." कर्करोगाच्या रुग्णांच्या घरून येणाऱ्या फोनवर मी हे वाक्य जितक्या वेळा ऐकले आहे तितके दुसरे कोणतेही ऐकलेले नाही. रुग्णाच्या घरी जाऊन उपचार करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, पथकात मी डॉक्टर म्हणून काम करते. या एकाच वाक्याखाली दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि घरचे लोक, औषधांचे दुकानदार, इतकेच काय पण घाईत असलेले डॉक्टरही त्या दोन्हींना एकाच तराजूत तोलतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. एका तक्रारीत रुग्ण अंथरुणावर आडवा असतो, कूस बदलत राहतो, घड्याळाचे ठोके मोजतो आणि तरी त्याचा डोळा लागत नाही. दुसऱ्या तक्रारीत डोळ्यांवर झोप अनावर दाटलेली असते, पण पाठ टेकली की श्वास कोंडतो, म्हणून तो पुन्हा उठून बसतो. पहिली तक्रार झोपेची आहे आणि दुसरी छातीची. दोन्हींना आपण "झोप नाही" असेच म्हणतो आणि दोन्हींवर झोपेचीच गोळी देतो.

पहिल्या तक्रारीविषयी, म्हणजे निद्रानाशाविषयी, फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो बहुतेकांच्या परिचयाचा आहे. आठवड्यातून किमान ३ रात्री आणि असे ३ महिने चालले की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. कर्करोगात त्याला कारणे भरपूर असतात: वेदना, रिपोर्टची धास्ती, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल या स्तनाच्या कर्करोगावरच्या हार्मोनविरोधी गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना रात्री येणारे गरम झोत आणि घाम, सलाईनमुळे वारंवार लघवीला उठणे. एक कारण मात्र सहज टाळता येण्यासारखे असूनही दुर्लक्षित राहते, ते म्हणजे केमोथेरपीबरोबर उलटी किंवा ॲलर्जी टाळण्यासाठी दिले जाणारे डेक्सामेथासोन. हे स्टेरॉइड संध्याकाळी घेतले तर रात्र जागत जाते, म्हणून त्याची मात्रा सकाळी आणि फार तर दुपारपर्यंत घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून जगभर ज्याची शिफारस होते तो सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती, हा गोळीचा उपचार नाही. झोपेच्या वेळा, अंथरुणाचा वापर आणि झोपेविषयीची भीती यांवर केलेले ते पद्धतशीर काम आहे, आणि माझीही पसंती त्यालाच आहे.

खरी फसगत होते ती दुसऱ्या तक्रारीत, म्हणून तिच्याकडे नीट पाहू या.

मागे एकदा स्तनाचा कर्करोग असलेल्या, साठीच्या एका बाईंच्या घरी मी गेले होते. त्या पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसल्या होत्या. समोर स्टूल, स्टुलावर पिठाचा रिकामा डबा, डब्यावर उशी आणि उशीवर दुमडलेल्या हातांत खुपसलेले कपाळ. ही मांडणी त्यांना कोणी शिकवली नव्हती, तीन आठवड्यांच्या रात्रींनी ती त्यांच्याकडून करून घेतली होती. मुलगा काळजीने खंगला होता. त्याने सांगितले, "आईला टेन्शन फार आहे. रात्री झोपत नाही आणि दिवसभर अशी पेंगत असते, म्हणून आम्ही तिला दिवसा झोपूच देत नाही." अल्प्राझोलाम या चिंता शमवून झोप आणणाऱ्या औषधाची गोळी आधी अर्धी दिली होती, मग पूर्ण, आणि आता आणखी वाढवू का, असे त्याला विचारायचे होते. मी बाईंना एवढेच विचारले, "काकू, पाठ टेकून पाहिलीत का?" त्या म्हणाल्या, "टेकली की कोणी उरावर बसल्यासारखं होतं हो डॉक्टरीणबाई, म्हणून मी टेकतच नाही."

त्यांच्या पाठीवर बोटाने ठोकून पाहिले. डावीकडे पोकळ आवाज येत होता, उजवीकडे खांद्याच्या फऱ्याच्या मध्यापासून खाली मात्र आवाज ठस्स होता. कोठीतला डबा कुठवर भरला आहे हे झाकण न उघडता टिचकी मारून ओळखावे, तसाच हा प्रकार आहे. १७६१ मध्ये ही तपासणी प्रथम लिहून प्रसिद्ध करणारे ऑस्ट्रियातील डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर हे एका खानावळवाल्याचे पुत्र होते, आणि पिंपातील दारूची पातळी ठोकून ओळखण्याची पद्धत त्यांनी तिथेच पाहिली होती असे सांगतात. एवढ्या साध्या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. रुग्णाच्या पाठीमागे जाऊन उभे राहणे तेवढे लागते, आणि तेच आज राहून जाते याचे मला दुःख होते. एक्स-रे आणि सोनोग्राफीने पुढे जे सांगितले ते बोटांनी आधीच सांगितले होते: उजव्या फुफ्फुसाभोवती भरपूर पाणी साचले होते.

याला आपण "फुफ्फुसात पाणी" म्हणतो, आणि हा शब्दप्रयोग मला खटकतो, कारण त्यातून पुढचे गैरसमज जन्म घेतात. हे पाणी फुफ्फुसाच्या आत नसते. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधील दोन पातळ पापुद्र्यांत ते साचते. निरोगी माणसात तिथे प्रत्येक बाजूला जेमतेम १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे द्रव असतो आणि तो वंगणाचे काम करतो. स्तन, फुफ्फुस किंवा अंडाशयाचा कर्करोग, अथवा लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), या पापुद्र्यांपर्यंत पोहोचला की द्रव पाझरतो जास्त आणि त्याचा निचरा होतो कमी, आणि मग तिथे एक-दोन लिटर पाणी सहज जमते. ते पिण्याच्या पाण्यातून आलेले नसते. तरीही रुग्णाचे पाणी तोडणारी घरे मी आजही पाहते, आणि तोंडाला कोरड पडलेल्या त्या माणसाला घोटभर पाण्यासाठी विनवण्या कराव्या लागतात. हा त्रास निव्वळ एका चुकीच्या शब्दाने दिलेला आहे. हृदय कमजोर झाल्यामुळे फुफ्फुसाच्या आतच पाणी साठते तो आजार वेगळा, त्यात पाण्याचे प्रमाण डॉक्टर ठरवून देतात.

माणूस आडवा झाला की पोटातील अवयव श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, वर ढकलतात आणि पायांतील रक्त छातीकडे परतते. निरोगी छातीला हे जाणवतही नाही. जिचा अर्धा भाग पाण्याने आधीच व्यापला आहे तिला मात्र ही शेवटची जागाही सोडावी लागते, म्हणून पाठ टेकताच घुसमट होते आणि उठून बसल्यावर काही मिनिटांत उतरते. बसल्यावर बरे वाटते की नाही, या प्रश्नात सारा फरक आहे. निद्रानाशाचा रुग्ण उठून बसला तरी जागाच राहतो. श्वासाचा रुग्ण बसताक्षणी पेंगू लागतो.

पेंगण्याच्या या खुणेचाच अर्थ सर्वांत जास्त वेळा उलटा लावला जातो. दिवसा खुर्चीत डुलक्या घेणारा रुग्ण पाहून घरचे म्हणतात की दिवसा झोपतो म्हणून रात्री झोप येत नाही. प्रत्यक्षात रात्री आडवे होता येत नाही, म्हणून शरीर दिवसा बसल्या बसल्या मिळेल तेवढी झोप वसूल करीत असते, आणि तीही हिरावून घेतली की रुग्णाच्या हाती काहीच उरत नाही. केमोथेरपीच्या थकव्यानेही माणूस दिवसा झोपतो हे खरे, पण तो आडवा होऊन झोपतो. शिवाय ही गोष्ट एका रात्रीत घडत नाही. आज एक उशी, पुढच्या आठवड्यात दोन, मग गादीखाली दुमडलेली सतरंजी, मग भिंतीला टेकून, मग आरामखुर्ची. प्रत्येक पायरी इतकी लहान असते की ती कोणाच्या लक्षात येत नाही, आणि रुग्ण स्वतःही "आता असंच बरं वाटतं" एवढेच सांगतो. म्हणून "झोप लागली का?" या प्रश्नाला माझा विरोध आहे. "रात्री कसे झोपलात, किती उशा घेतल्या, सकाळी जाग आली तेव्हा कोणत्या स्थितीत होता?" असे विचारावे. एका कुशीवर चालते आणि दुसऱ्या कुशीवर जीव घाबरतो, असे उत्तर आले तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

"टेन्शन" या शब्दाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. रात्री दोन वाजता दचकून उठलेला, घामाघूम, छाती धरून बसलेला माणूस घाबरलेला दिसतोच. पण श्वास पुरत नाही म्हणून तो घाबरला, की घाबरल्यामुळे श्वास वाढला, हा क्रम विचारल्याशिवाय कळत नाही, आणि कर्करोगाच्या रुग्णात आधी पहिलीच शक्यता तपासावी असे माझे ठाम मत आहे. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब या कर्करोगावरच्या औषधांनी हृदय कमजोर झालेले असेल तर झोप लागून तास-दोन तास झाल्यावर नेमकी अशीच घुसमट होऊन जाग येते. अशा माणसाला "देवाचं नाव घे आणि पड" असे सांगून पुन्हा आडवे केले जाते तेव्हा त्याच्यावर अन्याय होतो.

कोरोनाच्या साथीनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आले, त्याने एक नवी अडचण निर्माण केली आहे. बोटावरचा आकडा ९६ दाखवतो, म्हणून धाप मनाची आहे असे ठरवले जाते. रक्तातील हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलेला आहे एवढेच ते यंत्र सांगते. श्वास घेण्यासाठी छातीला किती कष्ट पडत आहेत हे ते सांगत नाही, आणि हिमोग्लोबिनच ७ वर आले असेल तरी आकडा चांगला दिसतो. शिवाय तो आकडा बहुधा रुग्ण बसलेला असताना घेतलेला असतो. मी आकड्यापेक्षा वाक्य ऐकते. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तीन-चार शब्दांनंतर थांबावे लागत असेल, तर ९६ ने माझे समाधान होत नाही.

आता गोळीविषयी. अल्प्राझोलाम आणि तिच्या जातीच्या गोळ्या श्वासाची प्रेरणा मंदावतात, आणि वेदनेसाठी मॉर्फिनसारखे औषध चालू असताना त्या मनाने वाढवल्या तर श्वास धोकादायक पातळीपर्यंत मंदावू शकतो. या जोडीविषयी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला. आपल्याकडेही अल्प्राझोलाम एच-वन यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती मिळता कामा नये. तरीही शेजारणीच्या डब्यातली अर्धी गोळी बिनदिक्कत दिली जाते आणि डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मॉर्फिनला मात्र घर थरथर कापते. वास्तविक मूळ कारणावर उपचार करूनही उरलेल्या धापेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अल्प मात्रेतील मॉर्फिन हे चांगले औषध आहे, आणि मी ते नेहमी वापरते.

पाठ न टेकवण्याची इतर कारणे मी थोडक्यात सांगते, कारण ती ओळखणे तुलनेने सोपे असते. चेहरा आणि मान सुजणे, मानेवरच्या शिरा फुगणे आणि खाली वाकल्यावर त्रास वाढणे, ही छातीतील मोठी शीर गाठीने दाबली गेल्याची लक्षणे आहेत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एक पाय सुजलेला आणि धाप अचानक लागलेली असेल तर फुफ्फुसात रक्ताची गुठळी गेल्याची शक्यता असते; तिथे सकाळची वाट पाहू नये. केमोथेरपीनंतरच्या एक-दोन आठवड्यांत ताप आणि खोकला आला तर तेही तातडीचे आहे. छातीला रेडिएशन दिल्यानंतर साधारण १ ते ६ महिन्यांत कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली तर फुफ्फुसाला आलेली सूज आठवावी. तिच्यावर स्टेरॉइड देतात, आणि मग त्या स्टेरॉइडने खराखुरा निद्रानाश होतो, म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच माणसात एकामागून एक येतात. अंडाशयाच्या कर्करोगात पोटातील पाणीच श्वासपटलाला वर रेटते, तेव्हा उपचार छातीवर नसून पोटावर करायचा असतो.

डॉक्टर भेटेपर्यंतच्या रात्रीसाठी त्या काकूंची पिठाच्या डब्याची मांडणी उत्तम आहे, आणि मी ती आता इतरांनाही सांगते. पुढे झुकून हातांना आधार मिळाला की श्वासाचे स्नायू मोकळे होतात. लहान पंखा चेहऱ्यावर, नाक आणि गालांवर वारा येईल असा धरावा; त्याने धापेची जाणीव कमी होते हे अभ्यासांतून दिसलेले आहे. खोलीतली गर्दी कमी करावी. रुग्णाला जबरदस्तीने आडवे करू नये.

काकूंच्या छातीतून दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीखाली बाराशे मिलिलिटर पाणी काढले. एका वेळी साधारण दीड लिटरच्या पुढे जात नाहीत, कारण दबलेले फुफ्फुस एकदम फुलले तर त्यालाच सूज येते. त्या रात्री त्या दोन उशांवर सहा तास झोपल्या आणि अल्प्राझोलाम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करून बंद झाली. असे पाणी पुन्हा भरते, हे मी मुलाला आधीच सांगून ठेवले होते, आणि पुढे घरीच पाणी काढता येईल अशी बारीक नळी बसवणे किंवा औषध टाकून ते दोन पापुद्रे चिकटवणे हे पर्यायही समजावले होते. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. या वेळी झोपेविषयी तो काहीच बोलला नाही. "डॉक्टर, काल आईला तीन उशा लागल्या आणि आज चौथी मागितली," एवढेच त्याने सांगितले, आणि मी त्यांची सोनोग्राफी त्याच दुपारी करून घेतली.