लाखात दोन रेणू कसे मोजायचे? कार्बन डायऑक्साइडमधील औषधांची विद्राव्यता

इबुप्रोफेन आणि नेप्रोक्सेन ही दोन्ही वेदनाशामके एकाच रासायनिक कुळातील आहेत आणि पाण्यात दोन्ही अगदी अल्प विरघळतात. त्यांचे कण अतिशय बारीक केले, तर ती शरीरात लवकर विरघळतात. मात्र दळताना उष्णता निर्माण होते आणि सेंद्रिय विद्रावक वापरला, तर त्याचा अंश औषधात राहण्याची भीती असते. म्हणून संशोधक अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडकडे वळले. ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ७४ बार दाब ओलांडला की हा वायू द्रवासारखा पदार्थ विरघळवतो, वायूसारखा सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि दाब सोडताच निघून जातो.

त्यात एखादे औषध किती विरघळते, हे मात्र मोजावेच लागते. कार्बन डायऑक्साइडच्या हजार रेणूंमागे इबुप्रोफेनचे एक-दोन रेणू विरघळतात. नेप्रोक्सेनचे लाखामागे जेमतेम एक-दोन. नेप्रोक्सेनचा स्फटिक अधिक घट्ट बांधलेला असतो, हे त्याचे एक मोठे कारण आहे: इबुप्रोफेन सुमारे ७६ अंशांना वितळते, तर नेप्रोक्सेनला सुमारे १५३ अंश लागतात.

मोजणीच्या एका प्रचलित पद्धतीत औषधाची भुकटी काचेच्या मण्यांत मिसळून पोलादी नळीत भरतात आणि स्थिर तापमानाला ठेवलेल्या त्या नळीतून दाबाखालील कार्बन डायऑक्साइड अगदी सावकाश सोडतात. बाहेर पडताना दाब उतरतो, औषध वेगळे होते आणि ते अल्कोहोलसारख्या द्रवात पकडून अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून त्याचे प्रमाण काढतात. सोबत किती वायू गेला, हेही मोजतात. खरी अडचण झडपेपाशी येते. वायू प्रसरण पावताना थंड होतो आणि औषध तिथेच साचते, म्हणून झडप तापवावी लागते व प्रयोगानंतर धुऊन ते धुवणही हिशेबात धरावे लागते. प्रवाहाचा वेग बदलूनही उत्तर तेच आले, तरच वायू औषधाने खरोखर संपृक्त झाला होता असे मानता येते; असा शोधनिबंध वाचताना मी सर्वांत आधी हीच तपासणी शोधतो. इबुप्रोफेनच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. दाबाखालील कार्बन डायऑक्साइड त्याचा द्रवणांक खाली आणतो, आणि औषध नकळत वितळले तर त्याचे थेंब वायूबरोबर वाहून जाऊन विद्राव्यता फुगलेली दिसते. अशा वेळी नीलमण्याची खिडकी असलेल्या कक्षात डोळ्यांनी पाहून खात्री करावी लागते.

तापमानाचा परिणाम तर नवख्याला चकवणाराच आहे. १०० बार दाबाखाली तापमान ४० वरून ६० अंशांवर नेले, तर कार्बन डायऑक्साइडची घनता दर घनमीटरला सुमारे ६३० किलोवरून २९० किलोवर घसरते आणि औषध कमी विरघळते. तेच २०० बारला घनता ८४० वरून ७२० च्या आसपासच येते. उलट औषधाचा बाष्पदाब, म्हणजे त्याचे रेणू स्फटिकातून सुटण्याची ओढ, कित्येक पटींनी वाढलेला असतो, त्यामुळे बहुतेक औषधे त्या दाबाला जास्त विरघळतात. जिथे हा कल उलटतो, तो दाब प्रत्येक पदार्थासाठी वेगळा असतो. क्रास्टिल या संशोधकाने १९८२ मध्ये मांडलेले समीकरण विद्राव्यतेला घनता आणि तापमान यांच्याशी जोडते. मोजलेल्या आकड्यांना ते आजही लावून पाहिले जाते.

पुढची वाट या आकड्यावरच ठरते. औषध पुरेसे विरघळत असेल, तर ते द्रावण बारीक छिद्रातून झटकन सोडून सूक्ष्म कण मिळवता येतात. नेप्रोक्सेनसारख्याच्या बाबतीत थोडे इथेनॉल मिसळून विद्राव्यता वाढवून पाहतात, किंवा भूमिका उलटवतात: औषध सेंद्रिय द्रवात विरघळवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि औषध त्या वायूत विरघळत नाही म्हणूनच बारीक कणांच्या रूपात खाली बसते.